डावरा

रऊफ सोलकर टेंपोतून तीन पाट्या उतरवतो
आणि विचारतो, यात सोनं किती निघेल.
कुडाळच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षं कुलूप असलेली एक शेड;
पत्रा, मोटारी, पंखे, सगळं वजनावर गेलं,
ह्या तेवढ्या फुटक्या खिडकीतल्या फळीवर
ऊन खात राहिल्या होत्या.

माझं दुकान देवगडला, जेटीच्या वाटेवर.
मासे शोधायची यंत्रं उघडते, वायरलेस, जीपीएस,
मिठाने हिरवे झालेले सांधे ब्रशने घासते.
ती यंत्रं आपलं नाव सांगतात, कंपनी, देश, क्रमांक.
ह्या पाट्यांवर छापलेलं एक अक्षर नाही.
वरून चिप्स ओळीत, परीक्षेला बसल्यासारख्या,
उलटी केली की
निळ्या तारांचं रान.
कथलाचा एक डाग नाही. नुसती केसाएवढी तार
सोन्याचं पाणी दिलेल्या खिळ्यांना
सात सात वेढे घालून बसलेली.

म्हणजे हे विकायचं नव्हतं.
हे करून बघायचं होतं.

रात्री शटर अर्धं ओढून
मल्टीमीटरचं एक टोक इथे, एक तिथे,
पीं वाजलं की वहीत रेघ.
चार रात्रींत एकशे ब्याण्णव रेघा.
मोठ्या चिपचा आकडा कुणीतरी पॉलिश पेपरने घासून टाकलेला,
पण पाय चाळीस, अकराव्याला पाच व्होल्ट, एकोणतिसाव्याला जमीन:
झेड-एटी. तोंड झाकलं तरी चाल कुठे लपते.
शेजारच्या चिपवर ८२२३.
ब्याऐंशी साल, तेविसावा आठवडा,
म्हणजे जून, म्हणजे इथे बोटी वर ओढलेल्या, झापांखाली.
चिप तेव्हा जन्मली. पाटी त्यानंतर कधीतरी.

मग स्मृतीची चिप, पाठीवर काचेची खिडकी असलेली.
खिडकीवरची चिठ्ठी सुटून लोंबत होती,
शाईत दोनच शब्द: तिसरी खेप.
वाचून पाहिली. प्रत्येक घरात एफ एफ, एफ एफ.
पाटी पुसली की काही उरत नाही, हे शाळेतलं.
ह्या जातीत पुसलं की सगळीकडे एक उरतो,
एक एक एक एक,
हजेरीला सगळे हजर
आणि वर्गात कुणी नाही.
उन्हानं केलं ते. रागाने नव्हे, रोज थोडं थोडं.

भिवा कुबल बॅटरीचे सेल घ्यायला आला.
वय ऐंशीच्या वर, अजून जाळी विणतो.
वाहून आलेल्या जाळ्याची गाठ बघून सांगतो कुठल्या घरचं,
ह्या गाठीत घाई, ह्या गाठीत दारू,
ही रांग बायकोने पुरी केलेली.
त्याने पाटी उलटी धरली, अंगठा फिरवला,
म्हणाला, "ह्यां डावऱ्याचां काम."
आणि सेलचे पैसे मोजू लागला.

मी भिंग लावलं.
खरंच. सगळे वेढे उलट्या अंगाने.
चार रात्री मी तार कुठून कुठे जाते ते पाहिलं,
ती गुंडाळली कशी ते पाहिलंच नाही.
आणि तिसऱ्या पाटीच्या कोपऱ्यात
अकरा तारा पिवळ्या, ह्यांचे वेढे सुलट.
मदतीला कुणी आलं होतं,
की तो गेल्यावर कुणी बसलं?
अकरावी पिवळी तार सात वेढे घेऊन निघते
आणि कुठेच जात नाही.
दुसरं टोक सोललेलं. तयार.

रऊफला सांगितलं, सोनं चहापुरतं निघेल
आणि ॲसिडने हात जातील ते वेगळे.
वजनाचा भाव दिला, वर पन्नास.
तो हसला, म्हणाला, काय आहे तरी काय हे?
पगार मोजायचं असेल, काजूची भट्टी सांभाळायचं असेल,
कुणाला तरी नुसतं दाखवायचं असेल की होतं.
माहीत नाही म्हटलं.

नवी चिठ्ठी लिहून काचेवर चिकटवली:
कुडाळ? ब्याऐंशीनंतर. डावरा.
आणि जरा जागा सोडून,
अजून एक जण.

सकाळी शटर वर केलं
तर भिवाचा नातू यंत्र काखेत धरून उभा,
"पडदो काळो पडलो, काकी. आजच जावचां आसा."