अर्जातला सातवा रकाना

'मिशनकार्यासाठी परदेशी का जाऊ इच्छिता?'
खाली चार ओळींची जागा.
'पाचारण' असं लिहून मी खोडलं.
आवाज असा काही आला नाही मला.
रविवारी प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा घेताना
हात थरथरला, तेवढंच.

आई भाकरी थापता थापता म्हणते,
"हितं काय आजारी माणसं कमी पडलीत व्हय, सलोमी?"
खरं आहे तिचं.
मी रात्रपाळी करते त्या वॉर्डात
दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या असतात.
उत्तर नाही माझ्याकडे.

ब्रह्मपुरीच्या टेकडीपल्याड एक दगड आहे,
शेवाळलेला. वय वर्षे सव्वीस.
पटकीच्या साथीत आली, साथीतच गेली.
माझे पणजोबा तिच्या हातावर जन्मले.
'ळ' काही तिला शेवटपर्यंत जमला नाही.
बाळाला ती 'बाल' म्हणायची,
बायका पदराआड हसायच्या
आणि पोर तिच्याच ओंजळीत द्यायच्या.
आमच्यात अजून कुणी जन्मलं
की पहिली हाक 'बाल' अशीच मारतात.
का, ते धाकट्यांना ठाऊकही नसतं.

मलावीत आपल्यासारखा गूळ मिळत नाही म्हणे.
बाबांनी शाहूपुरीतून ढेप आणून ठेवलीय,
व्हिसाच्याही आधी,
आणि माझ्याशी बोलत नाहीत.

मादझी म्हणजे पाणी. एवढं येतं.
'दुखतंय का' विचारताना जीभ अजून अडते.
चार ओळींपैकी एकच भरलीय मी:
तिथल्या बायकांनी मला हसावं.
पुढचं समितीला कळलं तर कळलं.