पाठ

सकाळी सहाला मी स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा.
छताला एक तडा, सेतुबालच्या कुठल्याच नकाशात नसलेली नदी.
गुडघे दुमडलेले, तळपाय जमिनीला,
कंबर आणि फरशी यांच्यामध्ये
हात सरकेल एवढी पोकळी.
ती मिटवायची. श्वास सोडत, हळू.
इओलांदा म्हणते, "खाली लोणी आहे समजा,
पसरवायचं, चिरडायचं नाही."

पस्तीस वर्षं उकिडवा बसून
मी या गावाला जमीन घातली.
पांढरा चुनखडक, काळा बसाल्ट,
डाव्या तळहातावर दगड, उजव्यात हातोडी,
दोन ठोके, एक वळसा, तिसरा ठोका,
आणि दगड असा बसायचा
जसा घरचा माणूस जेवायला बसतो.
चर्चपुढची लाट माझी. मासळीबाजाराजवळचं गलबत माझं.
लोक त्यावरून चालतात, खाली बघत नाहीत.
बरंच आहे. पायाखालचं जाणवायला लागलं
म्हणजे काहीतरी उखडलंय.

तशीच पाठ. ती आहे, हे मला
बावन्नाव्या वर्षी कळलं,
पडलेली पेन्सिल उचलताना.
दगड तरी असता.

मेव्हणा म्हणाला, उसण भरली, निघेल.
उसनी असती तर कधीच परत केली असती.
गरम विटा झाल्या, सशाच्या कातड्याचा पट्टा झाला,
तीन आठवडे पलंग झाला.
देओलिंदा मोजे चढवायची, बोलायची नाही.
डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला:
"गादी झिजलीय थोडी. पण एवढी झीज
न दुखणाऱ्यांच्या पाठीतही सापडते."
मला राग आला.
एवढं दुखतं, आणि फोटोत ते नाहीच?

इओलांदा माझ्या लेकीहून लहान.
वडील केप व्हर्देहून आलेले, बांधकामावर राबलेले,
हे तिनं चौथ्या भेटीत सांगितलं.
पहिल्या भेटीत फक्त, "उठा."
उठलो. "बसा. परत उठा."
मग म्हणाली, "बिजागरी खुब्यात असते, सेन्योर झेफेरिनो.
तुम्ही दार मधोमध वाकवताय."

आणि म्हणाली, दुखलं म्हणजे मोडलं असं नाही.
कुत्रा फार दिवस जागा राहिला
की पोस्टमनवरही भुंकतो.
त्याला मारू नका, बांधूही नका.
रोज थोडं फिरवून आणा.

म्हणून फिरतो. आधी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत,
मग मासळीबाजार, मग साडो नदीचा धक्का.
घरी चार पायांवर ओणवा,
पाठ वर, पाठ खाली; आमचं मांजर
कपाटावरून बघतं, कारागीर नवशिक्याकडे बघतो तसं.
उजवा हात पुढे, डावा पाय मागे,
दहा आकडे. सातव्याला मी कलंडतो.
शाळेत पाढे पाठ केले, प्रार्थना पाठ केल्या,
पाठ तेवढी पाठ करायची राहिली होती.

मार्चमध्ये सोडलं सगळं. बरं वाटत होतं.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी कंबर वसुलीला आली,
व्याजासकट.

आता मंगळवारी नगरपालिकेच्या शेडमध्ये
चार पोरांना दगड शिकवतो.
वीस मिनिटं झाली की घड्याळ वाजतं,
मी ओरडतो, उभे राहा, मागे वाका, चाला.
पोरं हसतात. रुई तर उठतच नाही,
म्हणतो, मला कुठं दुखतंय?
त्याची पाठ सरळ, सुंदर, अजून मुकी.
मी काय सांगणार.
घड्याळ त्याच्या शेजारी ठेवतो.

दुखणं गेलं नाही. संध्याकाळी येतं,
कधी दार वाजवून, कधी न वाजवता.
उजवा मोजा आता माझा मी घालतो,
डावा अजून देओलिंदाकडे आहे.

आठवा आकडा. नववा.
ती येते, कॉफीचं भांडं शोधते,
मला ओलांडून शेगडीपाशी जाते,
खाली न बघता.