सात चित्रं, टर्किश टॉवेलसाठी

विलायतेतल्या त्या गावाचं नावच आंघोळ.
बाथ.
शेठ दोनदा म्हणाले, मी दोनदा हसलो.
तिथल्या हॉटेलची ऑर्डर, चार हजार नग,
आणि सोबत सात जुनी चित्रं.
ग्राफ काढ राजेशम, सोमवारपर्यंत.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, मागच्या खोलीत
एकवीस वर्षं मी मोर, कमळं, वाघ
बारीक चौकोनांत बसवत आलोय.
ही माणसं पहिल्यांदाच ओली आली.

पहिल्या चित्रात रोमन. हौदाला शिशाचा तळ,
जमिनीतून आपोआप वर येणारं गरम पाणी.
(इथे पेन्सिल खाली ठेवली. आपोआप.)
चित्रामागे टीप आहे:
कोणाचं अंगवस्त्र चोरीला गेलं तर तो
शिशाच्या पत्र्यावर शाप कोरून झऱ्यात टाकी,
चोराची झोप उडू दे, आतडी सडू देत.
एका पंचासाठी एवढं.
शेठना सांगायला हवं, भाव वाढवा.

तिसऱ्यात लंगडे, खरजेचे, पोटशूळाचे,
हनुवटीपर्यंत बुडालेले,
आणि वरच्या कठड्यावरून कोणीतरी
कुत्रं ढकलतंय आत.
बरे झालेल्यांनी भिंतीत कड्या ठोकल्यात.
पाचव्यात बायका. जाड कॅनव्हासचे झगे
पाण्यात घुमटासारखे फुगलेले,
पुढ्यात दोरीला बांधलेली वाटी तरंगते,
वाटीत रुमाल, अत्तर,
आणि सगळे एकमेकांकडे न बघता बघतायत.

वाफ मात्र जमेना.
दोन रंगांत वाफ कशी काढायची?

बापाला विचारलं असतं, तो वाफेतूनच घरी यायचा.
जुन्या मिलच्या मागे कंडेन्सरचं पाणी
सिमेंटच्या एका डबक्यात सोडत.
रात्रपाळी सुटली की चाळीसेक माणसं
भुवयांत, कानांत, नाकात कापूस घेऊन उतरायची,
एकमेकांच्या पाठी चोळायची.
साबणाची वडी एकच फिरे
आणि ती कोणाची, यावरून भांडणं.
मी सहा वर्षांचा, एकदाच गेलो.
पाण्याला तेलाचा वास होता.
तिथे कोणीही कशातूनही बरं झालं नाही.
मिल बंद पडली तेव्हा आधी ते पाणी गार झालं,
भोंगा नंतर.

विडी घरकुलात आमचं पाणी पाचव्या दिवशी,
रात्री दोनला.
गल्लीभर एकच हाक: नीळ्ळोच्चिनय्!
मग ड्रम, घागरी, डबे, कुकरसुद्धा.
त्यातली आंघोळ म्हणजे तीन तांबे,
हळद लागलेल्याला तेवढी पूर्ण बादली.

रविवारी मध्यरात्री वाफ सुटली.
तिथे लूप उचललेच नाहीत.
घरं कोरी सोडली, नुसता सपाट वीण,
डोळ्याला दिसण्याआधी हाताला लागते.
आणि जाता जाता पाचव्या चित्रात, उजव्या कोपऱ्याला,
अकरा घरं उंचीचा एक पाठमोरा माणूस घातला.
मुळात नसलेला.
विलायतेहून ओके आलं. कोणी मोजलं नसावं.

चार हजार नग गेले.
काठ तिरका गेलेला एक, सेकंडचा, मी घरी आणला.
भूदेवीनं तो ड्रमवर टाकला, धूळ पडू नये म्हणून.
तेव्हापासून त्या बायका
आमच्या पाच दिवसांच्या पाण्यावर
झगे फुगवून उभ्या आहेत.

आईला आता नीट दिसत नाही.
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं
तिनं टॉवेलवरून फिरवली, वाफेवरून घसरली,
कोपऱ्यापाशी थांबली.
हा कोण, असं विचारलं नाही.
याची पाठ राहिलीय, म्हणाली,
आणि तांब्या मागितला.