पांढरी पाच, जरा चढी

रविवारी दहाला, विश्रामबागेत,
मगदुमांच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं बसतो,
भिंतीपासून बरोबर सव्वासात फूट.
खुर्च्यांच्या पायांना फरशीवर खडूच्या खुणा आहेत.
त्या पुसल्या म्हणून मागं एक कामवाली
दोन रविवार बोलणी खात होती.

मगदुमांचा व्हॉल्व्हवर जीव.
"ट्रान्झिस्टर म्हणजे कुकरातला भात," म्हणतात,
"शिजतो, पण खरवड कुठाय?"
अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही.
नळ्या तापतात, आम्ही खातो,
आवाज न करता. भडंग.

आवटी वायरवाला.
अठरा हजारांची दीड मीटर, पुण्याहून.
बागेच्या हिशेबाच्या वहीत ती
फवारणीच्या पाइपाखाली लिहिलेली आहे.
"जोडली की गायिका दोन पावलं पुढं येते," म्हणतो.
कुठून येते, कुठं जाते, विचारायचं नाही.

मी मोटार वायंडिंगचा माणूस, कुपवाडला शेड आहे.
तांबं मला किलोनं कळतं.
माझं मत एवढंच, की खोली खोटं बोलते.
म्हणून मी स्पीकरमागं हळदीची रिकामी पोती टांगली,
पेठेतून मागून आणलेली.
तेव्हापासून बास आटोक्यात
आणि सगळ्या जुन्या गाण्यांना हळदीचा वास.

पुराच्या साली गावभागातनं वाचलेल्या चाळीस रेकॉर्डी
मगदुमांनी तान्ह्या पोरासारख्या धुतल्या, ऊन न लावता वाळवल्या.
एका रेकॉर्डीच्या कडेला अजून गाळ वाजतो,
चर्र चर्र, पहिला दीड मिनिट.
तेवढी कृष्णा आम्ही ऐकून घेतो.

एक गोष्ट मात्र जात नव्हती. घुमारा.
गाणं थांबलं की मागं उरायचा,
शेजारच्या घरातल्या फ्रीजसारखा.
चार महिने.
मी अर्थिंग नवं केलं, खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
खालच्यांची अबोली गेली त्यात, घुमारा नाही गेला.
आवटी म्हणाला वायर. मगदूम म्हणाले महावितरण.

त्या रविवारी मिरजेहून नियाज आला,
सुनेचा तानपुरा घेऊन, जवारी काढून आणलेला.
त्याला मधल्या खुर्चीत बसवलं, खुणांवर.
रेकॉर्ड संपली, सुई उचलली.
"तुझा कान आहे गड्या," आवटी म्हणाला,
"सांग. पहिली वायर का दुसरी?"

नियाज ऐकत राहिला. बराच वेळ.
मग म्हणाला, "हे शेवटचं कोण लावलंय?"
"शेवटचं कुठलं?"
"हेच की, आत्ता चाललंय ते.
पांढरी पाच आहे. जरा चढी."

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली.
त्यानं गवसणी सोडली, खुंटी पिळली,
मणी तांदळाएवढा सरकवला,
दोरा नखानं हलवून बघितला, परत बघितला.
जोडीच्या तारा, मग खर्ज,
आणि घुमारा गेला.
म्हणजे होता तिथंच,
पण मांडवात लांबचा पाहुणा मिसळावा तसा
आता कोण कुणाकडचा, सांगता येईना.

पद्मजा स्वयंपाकघरातनं हात पुसत आली.
मगदूम बटणाकडं वाकले तर म्हणाली,
"असू दे मामंजी, बंद नका करू ते."
खुर्ची पायानं बाजूला सारली,
खडूच्या खुणांवरच मांडी घातली
आणि सा लावला.

काय गायली, मला विचारू नका.
मला गाण्यातलं कळत नाही,
आवाजातलं कळतं.
नळ्या तेवढ्या पिवळ्या जळत होत्या, कुणी बघत नव्हतं,
आणि आवटीच्या बशीतलं भडंग सादळलं.

पुढच्या रविवारी तो नवी वायर घेऊन आला.
जोडली. खुर्च्या खुणांवर ठेवल्या.
फरक पडला म्हणाला.
मीही हो म्हणालो.