पंखा राहील का

वरवट बकालच्या स्टँडमागे, जिनिंगच्या भिंतीला पाठ लावून
माझं दुकान. इथल्या लॅपटॉपांत धूळ साचत नाही,
रुई साचते.
दिवाळीपासून होळीपर्यंत मी चिमट्याने
पंख्यांच्या पात्यांतून पांढरे बोळे उपसते,
दोनशे रुपये घेते.

परवा सुगत तायडे अकोल्याहून येताना
बॅटऱ्यांच्या खोक्यासोबत बातमी घेऊन आला.
नवं मॉडेल येतंय दसऱ्याला. किंवा दिवाळीला.
"रॅम म्हने बोर्डालेच डागून देतीन, ताई.
आठ तं आठ, सोळा तं सोळा. जल्मभर तेवढीच."
चार्जिंगचं गोल भोक जाणार, चपटं येणार.
भिंतीवर खिळ्याला लटकलेले
गोल पिनेचे माझे एकोणचाळीस चार्जर
वाऱ्याने हलले, किंवा मला तसं वाटलं.
"बिजागरी पक्की राहीन म्हन्तेत."
कोण म्हणतं?
"सगळेच म्हन्तेत."
आणि मग चहा संपवून, ग्लास उपडा ठेवून,
"पंखाच नाही म्हने त्यात."

पंखा नाही.
वैशाखात माझ्या पत्र्याखाली शेहेचाळीस.
ज्याने हे ठरवलं
त्याच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला असेल?

उर्दू शाळेच्या शगुफ्ता मॅडम
गेल्या पोळ्यापासून विचारतायत, थांबू का घेऊ?
मी म्हणते थांबा. पुढच्या महिन्यात म्हणते घ्या.
दोन्ही वेळा त्या मान डोलावतात
आणि तुटक्या स्क्रीनमागे वीट लावून
निकालपत्रकं भरत राहतात.

अक्षय तृतीयेला भेंडवळला गावंच्या गावं लोटतात.
घट मांडतात, भोवती धान्याचं रिंगण,
रात्रभर कुणी फिरकायचं नाही,
पहाटे काय कुठे सरकलं त्यावरून वर्ष सांगतात.
सुगतला जायचं होतं. मी सुटी दिली नाही.
म्हणून त्याने माझ्याच टेबलावर मांडला:
मधे पाण्याने भरलेला चहाचा ग्लास,
भोवती एक रॅम, एक बिजागरी, एक गोल पिन,
एक फुगलेली बॅटरी,
आणि पंख्याच्या नावाने एक स्क्रू,
तिळाएवढा.
मी हसले, शटर ओढलं.
रात्री, खरं सांगायचं तर, दोनदा आठवण झाली.

सकाळी रॅम जागेवर. पिन जागेवर.
बॅटरी कालच्याहून फुगलेली,
पण ते भाकीत नव्हे, तो तिचा स्वभाव.
स्क्रू नव्हता.
"गेला," सुगत हळूच म्हणाला. "पंखा गेला, ताई."
उंदीर असेल रे.
"उंदीर स्क्रू कायले नेईन?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अकरापर्यंत रसवंतीवर सगळ्यांना माहीत.
दुपारी शगुफ्ता मॅडमचा फोन,
मग आता थांबूच ना?

दिवस कलल्यावर जिनिंगच्या काट्यावरचे उमाळे आले.
सात वर्षांचं मशीन, एंटरचं बटण गेलेलं,
तिथे काडेपेटीचा तुकडा चिकटवलेला.
म्हणाले, नव्याचं मला काही सांगू नका,
हे दर अर्ध्या तासाने काऊन झोपते, ते सांगा.
उघडलं. आत बोंड फुटल्यासारखी रुई.
ओढत गेले, ओढत गेले,
उमाळे बघत होते, जणू त्यांच्याच नाकातून निघतेय.
झाकण लावायला घेतलं.
जुन्या हार्डडिस्कचं एक चुंबक मी टेबलाच्या कडेला ठेवते,
स्क्रू हरवू नयेत म्हणून.
या मशीनच्या तळाला नऊ लागतात.
चुंबकावर दहा होते.

सुगत शटरपाशी फोनवर कुणाला तरी सांगत होता,
"हाव, पक्कं. पंखा नाही."

मी झाकण पुन्हा काढलं.
पंख्याला भोकं तीन, स्क्रू दोनच. कधीपासून, कोण जाणे.
तिसऱ्यात तो बसला, अडीच वेढ्यांत.
मशीन सुरू केलं तर जरा खरखरलं.
उमाळे म्हणाले, खरखरू द्या,
चालू हाये हे तरी समजते.