चौथी परात

रबाळ्याच्या प्लांटवर, गच्चीत, चार पराती.
तुर्भ्याच्या भांडीवाल्याने पावतीवर 'लग्नकार्य' लिहिलं,
मी खोडलं नाही.

बुधवारी नाला जांभळा होतो.
कुठल्या गाळ्यामुळे, ते सगळ्यांना ठाऊक,
कागदावर कुणालाच नाही.
तेच पाणी चौघींत सारखं, चार-चार बोटं.
पहिलीत नुसतं. दुसरीत जस्ताची पांढरी भुकटी,
तिसरीत तांब्याची, काळी.
चौथीत गंज.
हो, गंजच. खरवडलेला, कुटलेला, भट्टीत भाजून विटकरी झालेला.

तीन दिवस रजिस्टरमध्ये एकच ओळ:
रंग, आहे तसा.

रविवारी डबा द्यायला बाबा आले, चपला काढून
परातींजवळ उकिडवे बसले.
"ह्या गंजानं माजी होरी खाल्ली
न् त्याला तू नोकरीवर ठेवलास?"
मी सांगू लागले, की उजेड पडला की कणातून
काहीतरी उडी मारून जातं,
मागे उरते ती रिकामी जागा,
आणि काम करते ती रिकामी जागा,
रंगाची कडी कडी ओढून तोडते.
ते ऐकत नव्हते. बोट बुडवून बघत होते,
नखापर्यंत, पेरापर्यंत.
"पानी खोल झालाय गो. ऊन तलाला जात नाय."

घणसोलीच्या मिठागरात वीस वर्षं काढली त्यांनी.
आता तिथे कुंपण आहे.
अर्धं पाणी त्यांनी हलक्या हाताने उपसलं,
एक बोट ठेवलं,
आणि डब्यातल्या चमच्याने ढवळत राहिले
दर थोड्या वेळाने, दाताळं ओढल्यासारखे,
कडेकडून मधे.

साडेतीनला चौथ्या परातीचा तळ दिसला.
भांडीवाल्याचा शिक्का, उलटा.

खाली नाला वाहतच होता, तासाला किती हजार लिटर
ते मला पाठ आहे, लिहीत नाही इथे.
पुढच्या रविवारी बाबांनी खाडीतून बरणीत एक निवटा आणला,
निवळलेल्या पाण्यात सोडला.
तो लगेच काठावर चढून बसला.
पण निवटा चांगल्या पाण्यातूनही बाहेरच येतो.
त्याच्या साक्षीला काय अर्थ?

डोळे वर काढून तो आमच्याकडे बघत राहिला.
बाबा म्हणाले, "लिव, जिता हाय."
मी लिहिलं.