टोकन

रात्री अडीचला प्लेट बाहेर काढते.
शहाण्णव खड्डे, त्यातले बारा ओवोरीचे.
चार वर्षांचा. मालाबा रस्त्यानं
आईच्या पाठीला बांधलेला, मोटरसायकलवरून आला
तेव्हा पाठीवरचं लुगडंसुद्धा कढत झालेलं.
जुन्या औषधाचा आज तिसरा दिवस,
आणि स्लाइडवर अजून आहेत
त्या निळसर अंगठ्या, एकेका लाल खड्याच्या.

माझे वडील टोरोरो जंक्शनला सिग्नलमन होते.
हातात वेताचं कडं, कड्यात पितळी टोकन.
ते ड्रायव्हरच्या मुठीत गेल्याशिवाय
गाडी हलायची नाही,
मग डब्यात कापूस असो की माणसं.
एकदा सैनिकांनी खच्चून भरलेली गाडी
त्यांनी पाऊण तास उभी ठेवली.
टोकन सापडत नाही म्हणाले.
ते त्यांच्या बुटात होतं.
पुढच्या गावाला पळायला तेवढा वेळ पुरला,
असं आई सांगायची. ते कधीच बोलले नाहीत.
फक्त लंगडायचे थोडे, उगाच.

ओवोरीच्या आईनं विचारलं,
न्याकेचो, माझ्या पोराच्या रक्ताचं करता काय?
किनेज हा शब्द माझ्या तोंडात आला आणि मी तो गिळला.
म्हटलं, या किड्याच्या पोटात सिग्नलमन असतात.
ऐंशी-नव्वद. प्रत्येकाकडे चिमूटभर टोकन, फॉस्फेटचं.
ते पुढच्याच्या हातावर ठेवलं की पुढचा जागा होतो,
तो त्याच्या पुढच्याला उठवतो,
आणि शेवटी कुणीतरी दार उघडतं.

मग मारा ना सगळ्यांना, ती म्हणाली.

म्हटलं, आपल्यातही आहेत, पाचशेच्या वर.
ओवोरीच्या काळजात, डोक्यात, जवळजवळ त्याच वर्दीत.
मागच्या वर्षीचं एकशे बारा असंच गेलं.
इथे त्यानं सगळ्या गाड्या थोपवल्या
आणि तिकडे, परदेशातल्या एका पिंजऱ्यात,
उंदराच्या छातीतलीही एक.
दोन ओळींचं पत्र आलं. फ्रीजचा एक कप्पा रिकामा केला.

काहींची वर्दी मात्र वेगळी.
फार पूर्वी या किड्यानं शेवाळाशी घरोबा केला,
अजून त्याच्या अंगात रंग उडालेलं एक पान आहे.
त्याच्यातले काही सिग्नलमन माणसात सापडतच नाहीत,
त्यांचे भाऊबंद झाडांत सापडतात:
मक्यात, आमच्या दारातल्या आंब्यात.
तिला हे पटलं नाही. मलाही रोज पटत नाही.

आता भिंगाखाली
औषध न घातलेला खड्डा आधी.
पेशी फुटलेल्या, दाणे उधळलेले,
नव्या पेशींच्या उंबऱ्यावर लोचटासारखे चिकटलेले.
हे व्हायचंच. दर दोन दिवसांनी होतं,
त्यालाच आपण हुडहुडी म्हणतो.

मग एकशे तीसचा खड्डा.
पेशी काठोकाठ भरलेली, आत अठरा, वीस जण,
सामान बांधून, दाराला नाक लावून उभे.
वेळ कधीच टळून गेलीय.
कुणी टोकन देत नाही.
दुसरी पेशी, तीच गत. तिसरी.

मी एकटीच मोठ्यानं हसले असणार,
कारण ओब्बो, रात्रीचा पहारेकरी, दारात येऊन म्हणाला,
बाई, बरं आहे ना?

ओवोरीला यातलं काही मिळायचं नाही.
त्याला सकाळी दुसरी सलाईन लागेल, जी आहे ती.
एकशे तीस जगलंच तर दहा वर्षांनी गोळी होईल.
तोवर ओवोरी फुटबॉल खेळत असेल
जंक्शनमागच्या रुळांवर, जिथे आता गवत आणि शेळ्या.
असेल, असं मी धरून चालते. पुढे मोजायचं असतं.

वहीत लिहिते:
न फुटलेल्या, एक्केचाळीस.
फुटलेल्या, दोन.

पेन खाली ठेवते. पुन्हा भिंगाला डोळा लावते.
ते दोन.
त्यांना कुणी दिलं?